आधीचा, नंतरची

वजनाच्या जनावराला नाव ठेवायचं नाही,
हा मामंजींचा नियम.
नाव ठेवलं की हाक जाते,
हाक गेली की ते वळून बघतं,
आणि वळून बघणाऱ्याचा भाव करताना
माणूस किलोमागं पाच रुपये चुकतो.

आमच्याकडं दुधाचा धंदा नाही.
सरळगावच्या पुढं, काळू नदीच्या अल्याड,
गवताच्या वखारीमागं एकोणीस म्हशी,
आणि त्यांच्या पोटी वाढत जाणारे किलो.
विणाऱ्या म्हशीला तेवढं नाव चालतं.

भुरी व्याली पौषात, रात्री दोनला.
रेडकू पडलं. तिनं दोनदा चाटलं
आणि उठून पलीकडच्या कोपऱ्यात गेली.
लहू म्हणाला, वार टाकायला गेली.
बॅटरी मारली
तर वारेच्या जागी आणखी दोन खूर.

त्या दुसरीला शेपटीच्या गोंड्यापर्यंत
चाटून कोरडी केली तिनं.
पहिला तसाच चिकट, पेंढ्यात,
आपले पाय किती आहेत ते चाचपत.
उचलून तिच्या तोंडाशी नेला
तर हुंगून असा श्वास टाकला,
शेजारचं पोर न बोलावता
पानावर बसावं तसा.

गुळाचं पाणी शिंपडलं त्याच्या पाठीवर.
मीठ चोळलं.
पारडीचं अंग त्याच्या अंगाला घासलं,
भुरीच्या डोळ्यांवर गोणपाट बांधलं.
चार सड, दोन तोंडं,
आमचा हिशेब सरळ होता.
तिनं लाथेनं खोडून टाकला.

सकाळी ताराबाई पातेली घेऊन आली,
खरवसाला चीक मागायला.
नाही म्हटलं.
ती रिकाम्या पातेलीत बघत उभी राहिली,
मग म्हणाली, दोन झालीत म्हणजे चीक दुप्पट असेल ना?

बियरच्या बाटलीला रबरी बोंडी.
पहाटे चारला, दुपारी, पुन्हा रात्री.
थंडीत त्याची जीभ माझ्या मनगटावर
पत्र्याच्या किसणीसारखी.
आता दोघांबद्दल काही बोलायचं
तर शब्द लागतातच:
आधीचा प्याला का रे?
नंतरची कुठं गेली?
महिना गेला आणि ध्यानात आलं
की लहूच्या पोरीही आता तसंच ओरडतात
आणि कान टवकारले जातात
बरोबर त्या त्या डोक्यावरचे.

कानात पिवळे बिल्ले मारायला आलेले डॉक्टर कदरे म्हणाले,
नर-मादीचं जुळं असलं की
मादी बरेचदा गाभण राहत नाही.
दूधवाल्याचं नुकसान. तुम्हाला काय!
खरंच, आम्हाला काय.
काट्यावर बाई-पुरुष नसतं.
तरी त्या दिवशी तिच्या घमेल्यात
मी सरकीची एक ओंजळ जास्त टाकली,
का ते विचारू नका.

पुढं घमेली बंद केली.
कारखान्यातून आणलेलं निळं पिंप
उभं चिरून आडवं टाकलं.
एका टोकाला कवटीचं चित्र, अर्धं खरवडलेलं.
कवटीकडं तो, दुसऱ्या टोकाला ती.
कुणी शिकवलं नव्हतं.

विसाव्या महिन्यात नूरमहंमद आला, काटा घेऊन.
आधीच्याला पाट्यावर चढवला
तर नंतरची मागोमाग चढली.
लाल आकडे नाचले: पाचशे अकरा.
तो हसला. एकेक, ताई, एकेक.
दोनशे सत्त्याऐंशी तो.
दोनशे चोवीस ती, लहानपणी मागं पडली नसती तर...
पण मागं पडला होता तो. ती नव्हे.
हिला अजून दोन महिने राहू दे, म्हणाला.

मी किलोमागं तीन रुपये वाढवून मागितले
आणि मिळाले.
मामंजी असते तर त्यांना सांगितलं असतं.

टेम्पो धसईच्या रस्त्याला वळला.
संध्याकाळी कोंडा घातला पिंपात, सगळ्या लांबीभर.
तिनं आपली बाजू चाटून साफ केली
आणि थांबली.
कवटीकडचा कोंडा तसाच, बोटाएवढा जाड.

मी पिंप फिरवून ठेवलं, भरलेली बाजू तिच्याकडं.
तीही फिरून गेली.